सोपी धार, लांबलेला दिवस : साक्री परिसरातल्या एका डाइकवरील आरोहणाचे प्रकरण

तिघांचा गट, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, निरभ्र आकाश. समोर सुमारे ६०० मीटर लांबीची कातळधार, आणि तिच्यावर तिसऱ्या श्रेणीहून (कातळाचा अवघडपणा मोजायच्या पट्टीवरची एक सोपी पायरी) अवघड असा एकही टप्पा नाही. पायथ्याच्या खिंडीतून माथा गाठायला सव्वातीन तास पुरतात. या गटाला सव्वासात तास लागले. एकीचा हात दगडाने ठेचला, पाणी दुपारी अडीचला संपले आणि घसाऱ्याची, म्हणजे सुट्या दगड-मुरमाची, नाळ (अरुंद घळ) अंधारात एका टॉर्चवर उतरावी लागली. कोणी पडले नाही, दोर तुटला नाही, अँकर (दोर बांधायचा कातळावरचा आधार) उखडला नाही. तरीही हे प्रकरण तपशिलात मांडावेसे वाटते, कारण यातल्या बहुतेक चुका सुळक्यांवर शिकलेल्या चांगल्या सवयींतून आलेल्या आहेत. ज्या सवयी उभ्या कातळावर जीव वाचवतात, त्याच लांब आणि सोप्या धारेवर दिवस खातात.

गावाचे नाव आणि माणसांची ओळख मुद्दाम दिलेली नाही. धार धुळे जिल्ह्यातल्या साक्री आणि निजामपूरच्या मधल्या पट्ट्यातली आहे, एवढे पुरे. पहिला म्हणजे लीड करणारा, दोर घेऊन सर्वांत पुढे चढणारा, सह्याद्रीतल्या सुळक्यांचा चांगला अनुभव असलेला. दुसरी दोराच्या तंत्रात तयार, पण लीडचा सराव कमी. तिसरा दमदार ट्रेकर, हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा पट्टा) घालून कातळावर जायची ही त्याची चौथी-पाचवी वेळ.

धार कशाची बनली आहे

धुळे-नंदुरबार भागात सपाट माळातून, ज्वारी-कपाशीच्या शेतांमधून, कुणी भिंत घातल्यासारख्या सरळ धारा पूर्व-पश्चिम धावताना दिसतात. हे डाइक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाथर साचत होते त्या काळात जमिनीच्या उभ्या भेगांमध्ये शिलारस घुसला आणि तिथेच थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजत गेला आणि भेगेत भरलेला चिवट खडक भिंतीसारखा उभा राहिला. धुळे-नंदुरबारचा हा डाइकांचा समूह भूशास्त्राच्या अभ्यासकांना चांगला परिचयाचा आहे. आरोहकाने मात्र त्यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. थिजताना खडकाला पडणारे सांधे थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात असतात. लाव्ह्याचा थर आडवा, म्हणून त्यातले खांब उभे. डाइक उभा, म्हणून त्यातले खांब आडवे. धारेच्या माथ्यावर त्यामुळे सरपणाची मोळी रचावी तसे ठोकळे एकावर एक आडवे पडलेले असतात, आणि त्यांची तोंडे दोन्ही बाजूंच्या उतारांकडे असतात.

याचा अर्थ असा की ठोकळ्यावर वरून भार दिला तर तो बहुधा बसून राहतो, पण तोंडाशी धरून स्वतःकडे ओढला तर कपाटाचा खण यावा तसा बाहेर येतो. सुळक्यावर हात वर करून पकड खेचायची सवय असलेला माणूस इथे पहिल्या अर्ध्या तासातच एखादा ठोकळा हातात घेऊन उभा राहतो. इथे पकड खाली दाबायची, आत ढकलायची, आणि भार देण्याआधी तळहाताने ठोकून आवाज ऐकायचा. भरीव ‘टक्’ आला तर ठीक, पोकळ ‘ढब’ आला तर तो ठोकळा सोडून द्यायचा.

प्रकरणातल्या धारेचे चार भाग पडतात. खिंडीपासून पहिले २२० मीटर धार बैलगाडी जाईल एवढी रुंद, मग निमुळती. अधूनमधून हात टेकवावे लागतात एवढेच. या भागाच्या शेवटी दक्षिणेकडे शेळ्यांची एक वाट उतरते. पुढचे १५० मीटर दातेरी: माथा मीटर-दीड मीटर रुंद, उत्तरेला ३५ मीटरचा उभा कडा, दक्षिणेला घसारा आणि वाळलेले कुसळी गवत, मधे कमरेएवढ्या ते डोक्याएवढ्या खाचा. मग एक खोल खाच आणि तिच्या पलीकडे १२ मीटरचा टप्पा, हीच सगळ्या वाटेतली खरी चढाई. शेवटचे सुमारे २०० मीटर मोठ्या ठोकळ्यांची धार, आणि माथ्यावर शेंदूर फासलेला दगड व झेंड्याची काठी. खिंड ते माथा उंची जेमतेम ११० मीटर वाढते. सगळी वाट आडवी आहे, हे पुढच्या प्रत्येक मुद्द्याच्या मुळाशी आहे.

आल्प्समध्ये अशा वाटेला ‘प्यू दिफिसील’, म्हणजे थोडी अवघड, असा एकूण दर्जा मिळाला असता. तिथे खडकाच्या टप्प्याची श्रेणी वेगळी देतात आणि सगळ्या वाटेचा दर्जा वेगळा देतात. लांबी, पडीचा धोका, सुटे दगड, माघारीची सोय, उतरण हे सगळे दुसऱ्यात धरले जाते. आपल्याकडे सुळक्यांच्या नोंदींत टप्प्याची श्रेणी असते, वाटेचा दर्जा फारसा नसतो. ‘तिसरी श्रेणी’ एवढेच ऐकून गेलेला गट म्हणूनच बेसावध राहतो.

दिवस कसा गेला

गट सकाळी ७.४० ला गावातून निघाला. सूर्य सातनंतर लगेच उगवला होता. वाटेत भेटलेल्या गुराख्याने कड्याच्या उत्तर अंगाकडे हात करून सांगितले, “तठे आग्या मव्हळ शे.” (तिथे आग्या मोहोळ आहे.) हे वाक्य गटाने लक्षात ठेवले. पुढे दिवसभरातला एक मोठा अनर्थ त्यामुळेच टळला.

९.०५ ला खिंड. सामान काढून, चहा-भाकरी करून ९.३५ ला चढाई सुरू. इथेच पहिला निर्णय झाला: ५० मीटरचा १० मिलिमीटर जाडीचा दोर पूर्ण लांबीने सोडायचा आणि सुळक्यासारखी बिले देत, म्हणजे एकाने थांबून चढणाऱ्याचा दोर सांभाळत, टप्प्याटप्प्याने जायचे. पहिला ४५ मीटर पुढे जाई, अँकर लावी, दुसरीला बिले देई, मग तिसऱ्याला. सरासरी एका टप्प्याला ३५ मिनिटे लागली. ज्या २२० मीटरवर माणूस जवळजवळ चालतो, त्यांना पाच टप्पे आणि १२.३० वाजले.

दहा मिनिटे थांबून गट दातेरी भागात शिरला. १.५० ला दगड पडला. दुसरीच्या डाव्या मनगटाच्या वर, नारळाएवढा. जखम धुऊन, दाबपट्टी बांधून वीस मिनिटांत पुन्हा हालचाल सुरू झाली. २.३० ला प्रत्येकाचे दोन-दोन लिटर पाणी संपले. २.३५ ला खोल खाच, ३.३० ला १२ मीटरचा टप्पा पार.

या टप्प्याच्या डोक्यावर पहिल्याने उत्तरेच्या कड्यावरून रॅपल करून, म्हणजे दुहेरी दोरावरून घसरत, थेट माळावर उतरायचा विचार मांडला. दुसरीने गुराख्याचे बोलणे आठवून दिले आणि विचार सोडला गेला. तो दुहेरी चुकीचा होता. ५० मीटरचा दोर दुमडला की हाती २५ मीटर राहतात आणि कडा ३५ मीटरचा; टोक जमिनीपासून दहा मीटर वर लोंबकळले असते. आणि कड्याच्या पोटाला मोहोळ. दोरावर लटकलेल्या माणसाला आग्या माश्यांपासून पळायला जागा नसते.

उशीर झाल्याचे आता सगळ्यांना कळले होते. म्हणून शेवटच्या भागात बिले बंद करून तिघेही एकाच वेळी चालू लागले, पण दोर तसाच लांब ठेवून आणि मधे एकही रनर (वाटेत दोर अडकवायचा आधार) न लावता. ४.५० ला माथा. ५.१० ला उतरायला सुरुवात. उतरणीची नाळ त्यांनी फक्त उपग्रहाच्या नकाशात पाहिली होती. तिचे तोंड शोधण्यात उजेड गेला, ६.२५ च्या सुमाराला सूर्य मावळला, तिघांत एकच टॉर्च निघाला. रात्री ९.४० ला गाव.

दगड का पडला

नुसते ‘सुटा दगड होता’ म्हणणे सोपे आहे. सुटे दगड त्या धारेवर हजारो आहेत. त्यांतला हाच का निघाला, हे दोराच्या वाटेवरून कळते.

पहिला दातेरी भागात ३८ मीटर पुढे जाऊन एका दाताच्या पलीकडे बसला होता. त्याच्यापासून दुसरीपर्यंत दोर दोन खाचांच्या कडांवरून आणि एका ठोकळ्याच्या बाजूने वळत आला होता. प्रत्येक वळणावर घर्षण वाढते, आणि ते बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. दोन काटकोनी वळणे पडली की वर बसलेल्याला दुपटी-तिपटीने जोर लावावा लागतो. दोर हलत नाही, तेव्हा हलणारा माणूस आहे की अडकलेला दोर आहे, हे हाताला उमगत नाही. त्यातून वारा. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्याच मुलखातली ही धार. ३८ मीटरवरून मारलेली हाक ऐकू गेली नाही. पहिल्याने दोन्ही हातांनी जोरात ओढ घेतली, दोर एका कडेवरून निसटला, झपकन आडवा सरकला आणि वाटेतला ठोकळा तोंडाच्या बाजूने बाहेर ढकलून गेला. दुसरी बरोबर त्याच्या खाली, खाचेत उभी होती. ठोकळा चार मीटर पडला.

हेल्मेट तिघांच्याही डोक्यावर होते, ही या गटाची जमेची बाजू. पण हेल्मेटने मनगट वाचत नाही. लांब दोर आडव्या धारेवर सोडला की तो झाडूसारखा काम करतो, आणि त्या झाडण्याच्या खाली नेहमी आपलाच माणूस असतो. दोर १० मीटरवर आणला असता तर वळण एखादेच पडले असते, दोघे एकमेकांना दिसले असते आणि बोलणे साध्या आवाजात झाले असते.

क्रमाची चूकही इथेच सांगावी लागेल. तिसरा, सर्वांत कमी सरावाचा, सर्वांत शेवटी होता. उभ्या कातळावर ते चालते, कारण शेवटच्याला वरून दोर असतो. आडव्या धारेवर शेवटचा माणूस जसजसा रनर काढत येतो तसतसा त्याचा दोर पुढच्या बाजूला जातो, आणि तो घसरला तर लंबकासारखा झोका घेत कड्याच्या बाजूला जातो. त्याची अवस्था लीड करणाऱ्याएवढीच उघडी असते. नवख्याची जागा मधे. इथे तिसरा घसरला नाही, पण दोन ठिकाणी तो रनर काढून उभ्यानेच थिजला आणि दहा-दहा मिनिटे गेली.

साडेबाराचा हिशेब

आमच्या मते प्रकरणाचा खरा निर्णयबिंदू दगड पडला तो नव्हे, त्याआधीचा १२.३० चा आहे. तेव्हा गट शेळ्यांच्या वाटेच्या तोंडाशी होता, सगळे ठणठणीत होते, पाणी निम्मे शिल्लक होते. हातात आकडे होते: १७५ मिनिटांत २२० मीटर. उरलेले ३८० मीटर त्याच वेगाने गेले तरी पाच तास, म्हणजे माथा साडेपाचला. आणि पुढचा भाग मागच्याहून अवघड, म्हणजे त्याहून उशीर. उतरायला दीड-दोन तास. सूर्यास्त ६.२५. हा हिशेब तिसरीतल्या मुलाला जमेल असा आहे. कुणी केला नाही, कारण वाट सोपी होती. अवघड वाटेवर माणूस घड्याळ बघतो, सोप्या वाटेवर ‘आता पुढे पटापट होईल’ असे धरून चालतो.

इथून दोन रास्ता पर्याय होते. एक, शेळ्यांच्या वाटेने उतरून दीडपर्यंत गावात जेवायला जाणे. दुसरा, दोर आखूड करून पद्धत बदलणे आणि दोन वाजेपर्यंत खोल खाच आली नाही तर परतणे. दोन्ही चालले असते. जुन्या पद्धतीनेच पुढे जाणे हा तिसरा पर्याय मात्र आकड्यांनीच बाद केला होता.

दगड लागल्यावरही मागे फिरणे बरे होते. जखमी माणूस दातेरी भागाच्या मध्यावर, मागे ७०-८० मीटरवर ओळखीची सोपी उतरण. पुढे एका हाताने करायचा १२ मीटरचा टप्पा आणि न पाहिलेली नाळ. गटाने पुढची बाजू निवडली, कारण ‘माथ्यावरून वाट आहे’ असे नकाशात दिसले होते. न पाहिलेल्या वाटेवर जखमी माणसाला नेऊ नये. जखमेबाबत त्यांनी केले ते योग्यच होते: पाण्याने धुणे, दाबपट्टी, बोटांची हालचाल आणि नखांचा रंग तपासणे. गळझोळी करून हात छातीशी बांधला नाही एवढेच राहिले, कारण पुढे चढायला तो हात हवा होता. सूज वाढण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून घ्यायचे असते, तेही राहून गेले. हाड मोडल्याची शंका असेल तर १०८ ला कळवून रस्त्याच्या जवळच्या बाजूने उतरणे याला पर्याय नाही. मोबाइलची रेंज धारेवर असते आणि नाळेत जाते, म्हणून फोन उतरण्याआधी करायचा.

शेवटच्या २०० मीटरची गोष्ट

या भागात काही घडले नाही, म्हणून गटाच्या चर्चेत तो आलाच नाही. आम्हाला मात्र दिवसातला सर्वांत धोक्याचा भाग हाच वाटतो. तीन माणसे एका दोराला बांधलेली, तिघेही एकाच वेळी हलणारी, आणि मधे दोर कशातही अडकवलेला नाही. यात दोर कुणाला वाचवत नाही, एकाच्या घसरण्याला तिघांचे घसरणे करतो.

१४ जुलै १८६५ ला आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराची पहिली चढाई करून सात जण उतरत होते. सर्वांत कमी अनुभवाचा हॅडो घसरला, त्याने गाइड क्रोझला पाडले, मागोमाग हडसन आणि डग्लस ओढले गेले. डग्लस आणि थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला म्हणून वरचे तिघे वाचले. ज्या ह्योर्नली धारेवर हे घडले ती आजही तिसऱ्या श्रेणीच्या आसपासची, म्हणजे ‘सोपी’च गणली जाते. उंची ४,४७८ मीटर आणि ११० मीटर यांची तुलना होत नाही, पण दोराचे गणित तेच आहे. बांधलेल्या दोन माणसांच्या मधे किमान एक, शक्यतो दोन-तीन भरवशाचे अडकाव हवेत. तेवढे मिळत नसतील तर दोन मार्ग उरतात: थांबून बिले द्यावी, किंवा पडलो तरी लागणार नाही अशी जागा असेल तर दोर सोडून चालावे.

हीच धार कशी करावी

निघायची वेळ पहाटे सहा, टॉर्चवर. साडेसातला खिंडीत. आल्प्समधले गाइड अंधारात निघतात ते दुपारच्या वादळाच्या भीतीने. खान्देशात ते काम ऊन करते. फेब्रुवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो, काळा खडक त्याहून कितीतरी तापतो, आणि धारेवर सावली नावालाही नसते. माणशी चार लिटर पाणी, त्यातले एक लिटर उतरणीसाठी बाजूला. मार्चच्या मध्यानंतर ही धार करूच नये, पावसाळ्यात कुसळी गवत आणि शेवाळ यांमुळे तर मुळीच नाही. योग्य दिवस नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. वनखात्याची जमीन लागत असेल तर आधी परवानगी, आणि गावात सांगून जाणे हे वेगळे सांगायला नको. मोहोळ यंदा कुठे बसले आहे हे गुराख्याशिवाय कुणाला ठाऊक नसते. अत्तर, उग्र वासाचे तेल, धूर आणि मोठ्याने हाका मारणे टाळावे.

सामान थोडके असावे. ४० मीटरचा एकेरी दोर पुरतो. तो दुमडून २० मीटर होतो आणि १२ मीटरचा टप्पा उलटा उतरायला पुरतो. १२० सेंटिमीटरच्या चार स्लिंग (शिवलेल्या पट्टीचे फास), ६० च्या दोन, मध्यम मापाचे चार-पाच चोक (भेगेत अडकवायच्या धातूच्या पाचरी), आठ कॅराबिनर (दोर अडकवायच्या उघडझाप कड्या), त्यांतले तीन लॉकचे, त्यांपैकी एक मोठ्या तोंडाचा म्हणजे मुंटर हिच (बिले देण्याची सरकती गाठ) त्यात नीट बसेल. मेखा आणि हातोडा इथे लागत नाहीत. डाइकच्या सुट्या सांध्यात मेख ठोकली की सांधा उघडतो आणि ठोकळा ढिला होतो. हेल्मेट, प्रत्येकाचा स्वतःचा टॉर्च, दाबपट्ट्या, एक त्रिकोणी पट्टी.

पहिले २२० मीटर दोर पाठीवर. नवख्याचा पाय बसत नसेल तर एखाद्या ठिकाणी पहिल्याने बसून, पाय कातळाला टेकवून त्याला आखूड दोरावर घ्यावे. चाळीस मिनिटे.

दातेरी भागाच्या तोंडाशी दोर बांधायचा. ४० मीटरमधून दोघांमध्ये ९-९ मीटर सोडले की १८ मीटर वापरात आणि उरलेले २२ मीटर दोन टोकांच्या माणसांच्या अंगावर, प्रत्येकी ११. ते खांद्यावरून आणि विरुद्ध काखेखालून वेटोळे घालत गुंडाळायचे. सात-आठ वेटोळी होतात, ती कमरेच्या वर राहतील एवढी घट्ट. शेवटी दोराची घडी हार्नेसच्या बिले लूपमधून (पुढच्या मजबूत फासातून) घालून, सगळ्या वेटोळ्यांच्या आतून वर काढून, ताणाच्या दोराभोवती गाठ मारायची आणि तिचा फास लॉकच्या कॅराबिनरने बिले लूपला अडकवायचा. ही शेवटची गाठ विसरली तर झटका वेटोळ्यांवर येतो आणि छाती आवळली जाते. गाठ झाल्यावर दुसऱ्याने दोर जोरात ओढून बघावा: ताण कमरेला जाणवला पाहिजे, बरगड्यांना जराही नाही. मधल्या माणसाला बटरफ्लाय गाठीचा (दोराच्या मधोमध मारायची गाठ) हातभर फास.

चालताना दोर दातांमधून विणत न्यायचा. एका दाताच्या उत्तरेने गेला तर पुढच्याच्या दक्षिणेने. कातळाचा असा वेढा ही सर्वांत जलद आणि बहुतेक वेळा सर्वांत मजबूत सुरक्षा आहे, पण दात आधी हलवून बघायचा. डाइकवर दातही रचलेलाच असतो. मुळाशी सांधा आरपार दिसत असेल तर तो धरू नये. जिथे दात नाही तिथे ठोकळ्याभोवती १२० ची स्लिंग किंवा सांध्यात चोक. चोक खाली ओढला जाईल असा बसवतो आपण. आडव्या वाटेवर पुढच्याचा दोर तो बाजूला आणि वर ओढतो, म्हणून स्लिंगने लांबवल्याशिवाय ठेवायचा नाही. हातात सैल दोराचे एक छोटे वेटोळे ठेवायचे, तेवढेच. दोर जमिनीला घासत असेल तर अंतर जास्त झाले आहे. या भागाला तास.

खोल खाचेत सगळे एकत्र यायचे आणि दगड कुठून येऊ शकेल ते बघून बाजूला उभे राहायचे. पहिल्याने वेटोळी सोडून १२ मीटरचा टप्पा लीड करायचा. डावीकडची भेग जास्त उभी दिसते, पण तिच्यातले ठोकळे जखडलेले आहेत. उजवीकडची पायऱ्यांची वाट सोपी दिसते आणि तीच सुटी आहे. भेगेत पाच मीटरवर एक आणि नऊ मीटरवर एक असे दोन चोक बसतात. वर मोठ्या ठोकळ्याला दोन स्लिंग, त्यांवर मुंटर हिचने मधल्याला आणि मग शेवटच्याला घेणे. पाऊण तास. वर आल्यावर पुन्हा वेटोळी आणि विणत चाल. शेवटच्या २०० मीटरला पन्नास मिनिटे.

साडेसातला सुरुवात केली की पावणेअकराला माथा. परतीची वेळ खिंडीतच ठरवायची: दहापर्यंत खोल खाच पार झाली नाही तर मागे. ती मोठ्याने बोलून दाखवायची, म्हणजे नवख्यालाही ती आठवून देण्याचा हक्क राहतो.

नाळ

उतरण आदल्या दिवशी, निदान सकाळी खालून दुर्बिणीने, बघून ठेवायची. माथ्याच्या पूर्वेला शंभर मीटरवर खळगा आहे, तिथून दक्षिणेला नाळ सुटते. तिच्या तोंडाशी डावीकडे गुळगुळीत उतार आहे तो टाळून उजव्या कातळाला चिकटून पंधरा मीटर उतरले की घसारा लागतो. अंधारात गट नेमका डावीकडे गेला होता.

घसाऱ्यात दोर काढून ठेवायचा. बांधलेला दोर तिथे फक्त दगड सोडवतो. तिघांनी हाताच्या अंतरावर एकत्र उतरावे, म्हणजे निसटलेल्या दगडाला वेग यायच्या आत तो पुढच्यापाशी पोचतो. नाळ अरुंद असेल तिथे एकेकाने उतरून कातळाच्या आडोशाला उभे राहावे आणि मग पुढच्याला हाक द्यावी. वाळलेल्या कुसळी गवताच्या पट्ट्यांवर पाय घसरतो, तिथे टाच मुरमात रुतवून, पाय बाहेरच्या बाजूला किंचित वळवून. १६० मीटरच्या या उतरणीला उजेडात तास लागतो. नाळेच्या तळाशी वडाचे झाड आणि गुरांची वाट, तिथून गाव पाऊण तास.